डॉ. कोटणीस कशाने गेले?

पिंपळगाव बसवंत हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांच्यासाठी ते ओळखले जाते; परंतु आम्हा गावकऱ्यांचा आणखी एका गोष्टीशी नित्याचा परिचय आहे, तो म्हणजे लष्कराशी. जवळच ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्या मळ्यांवरून लढाऊ विमाने घोंघावत आली आहेत. नाशिकच्या पलीकडे देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. कारखान्यात नोकरी केलेली, सैन्यातून निवृत्त होऊन आलेली माणसे गावोगावी आहेत. त्यामुळे दूरचित्रवाणीवर एखादा युद्धपट लागला की आमच्याकडे तो मुकाट्याने पाहिला जात नाही. कोणी म्हणतो, हे विमान त्या काळी नव्हतेच. कोणी म्हणतो, अंगावर हा गणवेश आणि दंडावर ही फीत, हे जुळत नाही. शेतकरीही मागे राहत नाहीत. एका चित्रपटात एकाच दिवशीच्या लढाईत सकाळी गुडघाभर असलेली ज्वारी दुपारी कणसाला आलेली आमच्या एका द्राक्षबागाईतदार स्नेह्यांनी हेरली होती, आणि लढाईपेक्षा त्या पिकाचाच त्यांना अधिक विस्मय वाटला होता.

चुका हुडकण्याचा हा छंद मलाही आहे. तीस वर्षे इतिहास शिकवल्यानंतर तो जडला नसता तरच नवल. परंतु या छंदाचे एक दुखरे टोक मला फार उशिरा लागले. चूक पडद्यावर असते तोवर ती करमणूक असते. तीच चूक फळ्यावर उतरली की अन्याय होतो. हा लेख त्या अनुभवातून लिहीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की युद्धपटांतील सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. सर्वांत साधी चूक सलगतेची. चित्रपट आपण पाहतो त्या क्रमाने तो चित्रित होत नाही. शेवटचा प्रसंग आधी, पहिला नंतर. एकाच संभाषणाचा अर्धा भाग सोमवारी, उरलेला पंधरवड्याने. मग सैनिकाच्या डाव्या दंडावरचे बँडेज पुढच्या क्षणी उजव्या दंडावर दिसते, चिखलात लोळलेला सदरा स्वच्छ होतो, सूर्य पूर्वेचा पश्चिमेला जाऊन पुन्हा पूर्वेला येतो. असे होऊ नये म्हणून प्रत्येक चित्रपटासाठी प्रसंगागणिक नोंदी ठेवणारा माणूस नेमलेला असतो. त्याची नजर चुकली तर ती आपण पकडावी, हसावे आणि सोडून द्यावे. त्यात कोणाचेही नुकसान नाही.

दुसरी चूक वस्तूंची आणि स्थळांची. दुसऱ्या महायुद्धातील आर्देनच्या लढाईवर १९६५ साली ‘बॅटल ऑफ द बल्ज’ हा भव्य चित्रपट निघाला. मूळ लढाई १९४४ च्या डिसेंबरात आणि १९४५ च्या जानेवारीत, बेल्जियम-लक्झेंबर्गच्या बर्फाच्छादित अरण्यात झाली. चित्रपटातली अखेरची रणगाड्यांची लढाई मात्र उघड्या, कोरड्या माळावर होते, कारण चित्रीकरण स्पेनमध्ये झाले होते. जर्मनांचे म्हणून दाखवलेले रणगाडे युद्धानंतर बनलेले अमेरिकी पॅटन होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ या १९७० सालच्या चित्रपटात जपानी झीरो विमाने म्हणून जी उडतात, ती रूप पालटलेली अमेरिकी प्रशिक्षण-विमाने आहेत. पण पराभूत सैन्याची मूळ विमाने आणि रणगाडे पंचवीस वर्षांनी दिग्दर्शकाने आणावेत कोठून? या चुका गरजेपोटी झालेल्या आहेत. जाणकाराने त्या दाखवून द्याव्यात, परंतु त्यावरून निर्मात्याला खोटारडा ठरवू नये.

आपल्या जिल्ह्याचे याबाबतीतले उदाहरण तर मोठे गमतीचे आहे. इंग्रजांच्या काळी देवळालीला मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांची छावणी होती. बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने तिथे काढताना उन्हाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. म्हणून वेड लागणे या अर्थी ‘डुलाली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला, तो आपल्या देवळालीवरून. याच देवळालीत १९४५ साली सैनिकांची करमणूक करणाऱ्या तोफखान्याच्या पथकावर ब्रिटिश दूरचित्रवाणीने १९७४ ते १९८१ या काळात एक विनोदी मालिका दाखवली. तिचे एक लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशा पथकात होते. म्हणजे माहिती अस्सल होती. पण त्या देवळालीचे चित्रीकरण झाले इंग्लंडमध्येच. आपली बाभूळ नाही, काळी माती नाही, चैत्रातला फुफाटा नाही. छावणीतल्या प्रमुख हिंदी नोकराचे काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग फासून केले. तो झाशीत जन्मलेला असल्याने त्याला हिंदुस्थानी भाषा येत होती, एवढाच काय तो दिलासा. आपल्या घराचे चित्र दुसऱ्याने काढले की घर कसे अनोळखी होते, हे नाशिककरांना समजावे यासाठी याहून उत्तम दाखला नाही.

तिसऱ्या प्रकारची चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नसते. ती घटनेची चूक. माणसाने जे केले नाही ते त्याच्या नावावर, जे केले ते पुसलेले. जो जगला तो मेलेला, आणि जो मेला त्याचे मरण बदललेले.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा १९५७ सालचा गाजलेला चित्रपट घ्या. त्यात जपान्यांच्या कैदेतला इंग्रज कर्नल स्वाभिमानाच्या भरात शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देतो, आणि पहिली आगगाडी येताच पूल कोसळतो. प्रत्यक्षात सयाममधल्या त्या पुलावरच्या कैद्यांचे प्रमुख, फिलिप टूसी, आपल्या माणसांचे प्राण वाचवता वाचवता काम रेंगाळत कसे राहील हेच पाहत होते. पूल कमांडोंनी पहिल्या गाडीसकट उडवला नाही. १९४३ पासून तो वापरात होता आणि पुढे विमानांतून झालेल्या बाँबहल्ल्यात त्याची मोडतोड झाली. दुरुस्त केलेला पोलादी पूल आजही थायलंडमध्ये उभा आहे, आणि चित्रपटातला पूल तर श्रीलंकेतल्या कितुलगल येथे बांधला होता. याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. त्या रेल्वेमार्गावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. पण त्यांच्या कितीतरी पट मेले ते आशियाई मजूर, आणि त्यांत मलायातल्या मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ बांधव होते. चित्रपटाच्या कथेत त्यांना जागा नाही. काही चुका दाखवण्यात नसतात, गाळण्यात असतात. आणि गाळलेले हुडकणे सर्वांत कठीण, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही.

आपल्या घरोघरी लहानथोरांनी मिळून पाहिलेल्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९६५ सालच्या चित्रपटाचेही असेच आहे. युद्धाच्या उंबरठ्यावरची ती कथा. होऊ घातलेली धर्मभगिनी मारिया सात मुलांची शिक्षिका होऊन येते, त्यांच्या पित्याशी विवाह करते, आणि लगोलग नाझींपासून सुटण्यासाठी सारे कुटुंब साल्झबुर्गहून डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडकडे निघते. खरी मारिया फोन ट्राप आली ती आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवायला. विवाह झाला १९२७ साली. म्हणजे देश सोडला तेव्हा संसाराला दहा वर्षे उलटून गेली होती आणि घरात सातांखेरीज आणखी मुले होती. ते कुटुंब १९३८ साली सरळ आगगाडीत बसून इटलीला गेले. नकाशा उघडून पाहावा. स्वित्झर्लंड साल्झबुर्गपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. लगतचा डोंगर ओलांडला असता तर मंडळी थेट जर्मनीत, हिटलरच्या डोंगरी निवासाच्या परिसरात उतरली असती! मुलांना हे सांगावे. गाण्यांची गोडी त्याने कमी होत नाही, आणि नकाशा पाहायची सवय लागते.

आता घरचा दाखला. १९७१ च्या डिसेंबरात, ४ आणि ५ तारखांच्या मधल्या रात्री राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब पलटणीची एक तुकडी, म्हणजे सुमारे सव्वाशे जवान, तिथे होती. त्यांनी रात्रभर ठाणे लढवले. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली आणि त्यांनी रणगाड्यांची दाणादाण उडवली. चांदपुरींना महावीरचक्र मिळाले. या लढाईवरचा ‘बॉर्डर’ १९९७ साली आला. रात्री विमाने का येऊ शकली नाहीत आणि पहाटेची वाट का पाहावी लागली, हे त्यात नीट दाखवले आहे. ते श्रेय दिलेच पाहिजे. पण पडद्यावर एकामागून एक वीर धारातीर्थी पडत जातात. प्रत्यक्षात आपले दोन जवान कामी आले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड चित्रपटात रणगाड्याशी झुंजताना प्राण देतात. खरे भैरोसिंग त्या लढाईतून जिवंत परतले. १९७२ साली त्यांना सेना पदक मिळाले. जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी ते राहिले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे लढाईनंतर एक्कावन्न वर्षांनी, वारले. देशातील कोट्यवधी लोकांनी ज्याचे मरण पाहून अश्रू ढाळले, तो माणूस आपल्या ओसरीवर बसून होता. जिवंत वीर विस्मृतीत आणि मृत वीर जिभेवर, हे आपल्या समाजाचे जुनेच दुखणे आहे. चित्रपटाने त्यावर शिक्कामोर्तब केले, इतकेच. शिवाय हेही विचारायला हवे: इतक्या थोड्या माणसांनी इतके थोडे प्राण गमावून ठाणे राखले, हा पराक्रम मोठा नव्हे काय? तो मोठा दिसावा म्हणून अधिक माणसे मारायची गरज का भासावी?

आणि आता ज्या चुकीसाठी हा लेखनप्रपंच, तिच्याकडे येतो.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. वैद्यकीचे शिक्षण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात. जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनानी जू द यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानंतर १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक गेले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, व सोलापूरचे कोटणीस. चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगराळ रणक्षेत्रात ते आठव्या मार्ग-सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. १९४० सालच्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे थोर शल्यविशारद तिथेच १९३९ साली वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. तेथील परिचर्या-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ साली विवाह केला. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल तीन-चार महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ साली काढला. कोटणीस झाले स्वतः शांताराम, चिनी पत्नी झाली जयश्री. महायुद्धाच्या त्या दिवसांत कच्ची फिल्मही सरकारी नियंत्रणाखाली होती. चीनमध्ये जाऊन चित्रीकरण करण्याची तर गोष्टच नको. परळच्या स्टुडिओत उभा केलेला चीन, हिंदी बोलणारे चिनी, हे सारे वर सांगितलेल्या गरजेच्या चुकांत मोडते. चित्रपट निःसंशय थोर आहे. सोलापूरच्या त्या सुपुत्राचे नाव भारतभर त्यानेच पोहोचवले.

परंतु त्या चित्रपटात नायक जपान्यांच्या हाती सापडतो आणि निसटतो; प्लेगच्या भयंकर साथीवर तो विजय मिळवतो; आणि अखेर त्याच रोगाने त्याचा बळी जातो. खरे कोटणीस प्लेगने गेले नाहीत. ते अपस्माराने गेले. ज्याला आपण आकडी, फेफरे किंवा फिट म्हणतो, त्या रोगाने. तसे झटके त्यांना आधीपासून येत होते. झटका ओसरला की ते पुन्हा रुग्णांकडे वळत, विद्यार्थ्यांना शिकवत, शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहीत. शेवटच्या रात्री एकामागून एक झटके येत गेले आणि त्यांतून ते उठले नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात येते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम होऊन, विष रक्तात भिनून जे गेले, ते बेथून. रुग्णाची सेवा करताना त्या सेवेतूनच मरण ओढवून घेणे, हे मरण नायकाला शोभते, असे आपल्याला वाटते. चित्रपटातील कोटणीसांचे मरण खऱ्या कोटणीसांपेक्षा खऱ्या बेथूनच्या जवळचे आहे. अपस्मार हा मात्र नायकाचा रोग मानला जात नाही. त्यात माणूस चारचौघांत पडतो, तोंडाला फेस येतो. लोक कांदा हुंगवतात, जोडा नाकाशी धरतात, आणि घरचे दार लावून घेतात.

मी हा चित्रपट तरुणपणी पाहिला आणि त्यावर विसंबलो. शाळेत कोटणीसांची गोष्ट मी दरवर्षी सांगत असे. पोरे तल्लीन होऊन ऐकत. प्लेगशी झुंजणारा आपला मराठी डॉक्टर अखेर प्लेगनेच कसा गेला, हे सांगताना माझाही कंठ दाटून येई. एका वर्षी त्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखे. एकदा तो वर्गातच आकडी येऊन पडला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईना. मी घरी गेलो. त्याची आई दारातच उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, पोरं हसतात त्याला. आन्‌ धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय अजून. बोभाटा नको.” मी समजूत घालण्याचा प्रयत्न केला, पण सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. निदान मला तसे वाटत होते. मुलाची शाळा सुटली ती सुटलीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी कोटणीसांचे चरित्र वाचताना त्यांच्या मृत्यूचे खरे कारण समोर आले, तेव्हा पुस्तक मिटून मी किती तरी वेळ बसून होतो. त्या दारात उभे असताना जे सांगायला हवे होते, ते जगात होते. मी रोज ज्याची गोष्ट सांगत होतो त्याच माणसाला हा रोग होता. आणि तो असताना त्याने हजारो मैलांवर, गोळागोळीच्या आवाजात, हातात शस्त्र धरून माणसे जगवली होती. ही गोष्ट त्या मुलाच्या हक्काची होती. मी त्याला दुसऱ्याच रोगाची गोष्ट सांगितली.

यात दोष चित्रपटाचा म्हणावा तर चित्रपटाने इतिहास शिकवण्याची शपथ घेतलेली नसते. शपथ मी घेतली होती. म्हणून घरोघरी जेथे मुले आता पुस्तकापेक्षा पडद्यावरून इतिहास घेतात, तेथे आईबापांनी तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हे केव्हा आणि कोठे घडले, तारखा आणि नकाशा जुळतो का? ज्याचे हे चरित्र, त्याचे पुढे खरोखर काय झाले? आणि यात कोण दिसत नाही? पहिल्या प्रश्नाने ट्राप कुटुंबाचा डोंगर सपाट होतो, दुसऱ्याने भैरोसिंग पुन्हा जिवंत होतात, तिसऱ्याने क्वाय नदीकाठचे तमिळ मजूर उठून उभे राहतात. उत्तरासाठी मोठे ग्रंथालय लागत नाही. तालुक्याचे वाचनालय, एखादे चरित्र, गावातला निवृत्त सुभेदार, एवढ्यावर पुष्कळ भागते. आणि चित्रपट पाहू नये असे तर मुळीच नाही. पाहावा, भारावून जावे, आणि मग विचारावे.

ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. २०१२ साली त्या वारल्या. यिनह्वा १९६७ सालीच, ऐन तारुण्यात गेला. चीनमधल्या शिज्याच्वांग शहराच्या हुतात्मा-स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात गेलो होतो. क्रेट उतरवून घेणाऱ्या एका माणसाने हाक मारली, “सर, ओळखलं का?” मागच्या बाकावरचा तो मुलगा. केस पिकलेले. औषध नियमित घेतो, म्हणाला. वर्षानुवर्षे त्रास नाही. आम्ही चहा घेतला. मग मी त्याला सारे सांगितले: कोटणीस, प्लेग आणि आकडी. तो ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आणि तरी ऑपरेशनं करायचे ते?”

“तरीही करायचे.”

त्याने कप खाली ठेवला. “सर, हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं,” एवढेच म्हणाला, आणि लिलाव पुकारला गेला तसा उठून गेला.